कोल्हापुरात गोड्या पाण्यातल्या माशांचा अभ्यास सुरू करायचाय? पहिलं वर्ष असं काढा

माशांचा अभ्यास करायचा म्हटलं की नव्या पोरापोरींचा पहिला प्रश्न ठरलेला असतोय, जाळं कुठलं घेऊ? जाळ्याचं नंतर बघू, आधी पाणी ठरवा, आणि एकच ठरवा. रंकाळा, कळंबा, राजाराम तलाव, पंचगंगा, राधानगरीचं बॅकवॉटर असं सगळं एका दमात करायला गेलं की प्रत्येक ठिकाणी एकदाच जाणं होतंय, मोबाईलमध्ये ढीगभर फोटो जमतात आणि त्यातून ठामपणे सांगता काहीच येत नाही. त्यापेक्षा एकाच तळ्यावर वर्षभर, दर महिन्याला, त्याच जागी, त्याच वेळेला, त्याच पद्धतीनं जावा. वर्षाअखेरीला तुमच्याकडं असं काहीतरी असेल जे आपल्या बऱ्याच तळ्यांबद्दल कुणाकडंच नाही. बीएस्सी-एमएस्सीच्या प्रोजेक्टवाल्यांना हे लागू आहेच, पण पक्षी बघणाऱ्यांना, शाळेच्या सरांना-मॅडमना, नदीकाठच्या गावातल्या कुणालाही हे जमण्यासारखं आहे, झूऑलॉजीची डिग्रीच पाहिजे असं अजिबात नाही.

आधी पाण्याचं वर्ष समजून घ्या

पाणथळ जागेतल्या माशांवर वाचायला बसलं की अमेरिकेतल्या फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्सचं नाव सारखं समोर येतंय, आणि ते वाचाच, कारण तिथली गोष्ट समजली की आपली पण पटकन समजते. तिथं उन्हाळी पावसात पाणी उथळ पसरतंय, मासे त्याबरोबर गवतात सगळीकडं पांगतात, खातात, पिल्लं घालतात. मग हिवाळ्यात पाऊस थांबला की पाणी आटत जातंय आणि मासे उरलेल्या खोल खड्ड्यांत गोळा होतात, त्यातले काही खड्डे तर मगरींच्या जातीतल्या अ‍ॅलिगेटरनी उकरून ठेवलेले असतात. करकोचे-बगळे नेमके याच काळात पिल्लं वाढवतात कारण अन्न एका जागी साठलेलं मिळतंय. म्हणजे तिथं मासे किती हे विचारायच्या आधी ही जमीन वर्षातले किती महिने पाण्याखाली असते हे विचारावं लागतंय.

आपण अक्षांशानं उष्ण कटिबंधात येतो, आणि अ‍ॅलिगेटर काय आपल्याकडं नाहीत, पण पाणी पसरणं आणि आटणं हा खेळ तोच आहे, फक्त त्यात आपल्याकडं माणसाचा हात जास्त आहे. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती अशा पाच नद्या प्रयाग चिखलीला एकत्र येऊन पंचगंगा होते आणि ती पुढं नरसोबावाडीला कृष्णेला मिळते. या सगळ्या पट्ट्यात ठिकठिकाणी कोल्हापूर पद्धतीचे बंधारे आहेत. पावसाळ्याआधी बंधाऱ्याचे बरगे (पाणी अडवायच्या फळ्या) काढतात आणि पावसाळा सरला की परत बसवतात. शेतीसाठी ही साधी गोष्ट, पण माशांच्या नजरेनं बघा. बरगे काढलेले असतात तेव्हा नदी मोकळी, मासा खालून वर जाऊ शकतोय. बरगे बसले की त्याच नदीचे तुकडे होतात, प्रत्येक तुकडा म्हणजे एक लांबडं, संथ तळं. वाहत्या पाण्यातला दगडाला चिकटून शेवाळ खाणारा गारा जातीचा मासा आणि संथ पाण्यात खूश असलेली चिलापी (तिलापिया), यांच्यापैकी कुणाला हे तुकडे मानवतात ते सांगायला नको.

म्हणून तुम्ही नदीवर काम करणार असाल तर वहीच्या पहिल्याच पानावर तुमच्या जागेच्या वरचा आणि खालचा बंधारा कुठला, बरगे कधी निघाले, कधी बसले, हे लिहा. तारीख पाटबंधाऱ्याच्या लोकांकडून किंवा बंधाऱ्यावर काम करणाऱ्या माणसाकडून मिळते, विचारलं की सांगतात. आणि पुराची पातळी तर आपल्याला घरबसल्या मिळते. राजाराम बंधाऱ्याची इशारा पातळी ३९ फूट आणि धोका पातळी ४३ फूट हे कोल्हापुरातल्या लहान पोराला पण पाठ आहे, पावसाळ्यात दर तासाला व्हॉट्सअ‍ॅपवर आकडा फिरत असतोय. तो आकडा रोज लिहून ठेवा, माशांच्या अभ्यासाला यापेक्षा चांगला फुकटचा डेटा नाही. २०१९ ला आणि २०२१ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं होतं, तेव्हा नदी, ऊसाची रानं, ओढे, विहिरी, वीटभट्टीचे खड्डे असं सगळं एकच पाणी झालेलं. अशा वेळी मासे कुठून कुठं जातात, पूर ओसरल्यावर कुठल्या खड्ड्यात अडकतात, तळ्यात सोडलेले मासे नदीत कधी येतात, याचं उत्तर पूर ओसरल्यानंतरच्या दोन-तीन आठवड्यांत मिळतंय, पुढं खड्डे आटून जातात.

आणि चढणीचे मासे. पहिल्या जोरदार पावसात गढूळ पाणी उतरायला लागलं की मासे प्रवाहाच्या उलट चढतात, ओढ्यात, ओघळीत, भाताच्या खाचरात घुसतात, कारण त्यांना तिथं अंडी घालायची असतात. गावाकडं त्याच रात्री बॅटऱ्या घेऊन माणसं बाहेर पडतात हे तुम्हाला माहितीच आहे. अभ्यास करणाऱ्यानं त्या रात्री जाळं टाकू नये असं माझं स्पष्ट मत आहे, लोकांनी धरलेले मासे बघावेत, कुठली जात, केवढी, पोटात अंडी आहेत का एवढं नोंदवावं. त्या एका रात्रीत वर्षभराचं कळतंय.

परवानगी

हे कंटाळवाणं आहे पण टाळू नका. शहरातली तळी महापालिकेच्या ताब्यात, बऱ्याच गावतळ्यांत मासेमारीचा ठेका मच्छीमार सोसायटीकडं असतोय, आणि सोसायटीनं पैसे घालून मत्स्यबीज सोडलेलं असतंय, तिथं तुम्ही न विचारता जाळं टाकलं तर त्यांनी ओरडणं बरोबरच आहे. कॉलेजच्या लेटरहेडवर एक पत्र, एक प्रत मत्स्यव्यवसाय विभागाला, एक सोसायटीच्या चेअरमनना. राधानगरी अभयारण्याच्या हद्दीत मात्र वनविभागाच्या लेखी परवानगीशिवाय ओंजळभर पाणी पण घ्यायचं नाही. मासे मारून किंवा जिवंत ठेवून प्रयोग करायचे असतील तर कॉलेजच्या इथिक्स कमिटीकडं आधी जायचं, नंतर नाही. सुरुंग आणि विष वापरून मासे मारणं १८९७ च्या कायद्यापासून बेकायदा आहे. करंट लावून धरलेले मासे कुणी सँपल म्हणून देऊ केले तरी घेऊ नका, आपण घेतले की त्याला गिऱ्हाईक तयार होतंय.

मच्छीमारांशी बोला, आणि नीट बोला

जाळं टाकायच्या आधीचा एक महिना यात घालवा. पहाटे नदीवर ट्यूबवर बसून जाळी काढणारे मामा, काठावर मासे विकायला बसलेल्या मावशी, यांना जेवढं माहिती आहे तेवढं कुठल्या पुस्तकात नाही. १८३९ साली सायक्स या इंग्रज अधिकाऱ्यानं दख्खनच्या नद्यांमधल्या माशांची वर्णनं छापली, त्यातली खुद्री, कोलस, नुक्ता ही नावं त्यानं इथल्या लोकांच्या बोलण्यातूनच घेतली आणि आज जगभर तीच शास्त्रीय नावं म्हणून चालतात. तर गावातलं नाव लिहून घ्यायला लाजू नका, पण एका नावावर विसंबू पण नका, एकाच माशाला शिरोळला एक नाव आणि गगनबावड्याला दुसरं असतंय, म्हणून नावाबरोबर फोटो पाहिजेच.

प्रश्न कसा विचारताय याला महत्त्व आहे. "पूर्वी मासे जास्त होते का?" असं विचारलं की उत्तर हो असंच येणार. त्यापेक्षा "मामा, वाम शेवटची कधी घावली? कुठं? केवढी होती?" असं विचारा. मग मामा हात पसरून लांबी दाखवतात, अमक्याच्या लग्नाच्या वर्षी, तमक्या पुराच्या आधी असं सांगतात, आणि त्यावरून साल काढता येतंय. त्यांचा वेळ जातोय हे लक्षात ठेवा, मासे मोजायला घेतले तर ते विकत घ्या किंवा त्यांच्या विक्रीची वेळ व्हायच्या आत परत द्या.

मार्केटमधल्या माशांबद्दल एक सूचना. बर्फातून आलेला रोहू-कटला बहुतेक वेळा आंध्रकडच्या तळ्यातला असतोय, तो आपल्या यादीत धरायचा नाही. विकणाऱ्यानं अमक्या पाण्यातला आहे असं खात्रीनं सांगितलं तरच धरा, आणि पुढं "मार्केट" असा शेरा मारा.

आता जाळं

प्रत्येक जाळं खोटं बोलतंय, फक्त वेगवेगळ्या प्रकारे. तंगुसाच्या (नायलॉनच्या दोऱ्याच्या) उभ्या जाळ्यात घराच्या मापाचाच मासा अडकतोय, बारका निसटतोय आणि फार मोठा शिरतच नाही. फेकजाळं काठाजवळच्या उघड्या पाण्यात चांगलं, केंदाळात (जलपर्णीत) काही उपयोगाचं नाही. गळाला मांसखाऊ जास्त लागतात. म्हणून दोन-तीन प्रकार एकत्र वापरायचे आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा ठेवायचा.

नवख्या माणसासाठी माझं सुचवणं असं की एक फेकजाळं (टाकायला येत नसेल तर टाकणाऱ्या दादांनाच बरोबर घ्या, दरवेळी तेच दादा), एक बारीक जाळीची हातजाळी आणि एक चौकोनी पिंजरा. हा पिंजरा म्हणजे एव्हरग्लेड्समध्ये वापरतात तो थ्रो ट्रॅप, एक मीटर बाय एक मीटरची चौकट, चारी बाजूंनी बारीक जाळी, वर-खाली उघडी. उथळ पाण्यात तो लांबून टाकायचा, बुड चिखलात दाबायचं आणि आतलं सगळं हातजाळीनं काढायचं, लागोपाठ चार-पाच वेळा काहीच निघालं नाही की थांबायचं. पीव्हीसी पाईप आणि मच्छरदाणीच्या कापडात कुठल्याही फॅब्रिकेशनवाल्याकडं बनतोय, फक्त खालच्या चौकटीला सळीचं वजन घालून घ्या म्हणजे चटकन बुडतोय. याचा फायदा असा की एका चौरस मीटरमध्ये अमुक मासे, असं सरळ सांगता येतंय, फेकजाळ्यात ते येत नाही कारण प्रत्येक वेळी जाळं वेगळं उघडतंय.

केंदाळाला टाळू नका. रंकाळा असो का नदी, सगळे जण केंदाळ नसलेल्या स्वच्छ जागेत सँपल घेतात कारण सोपं जातंय, आणि मग यादीत बारके मासे येतच नाहीत. केंदाळाच्या कडेला मुळाखाली हातजाळी सरकवायची, वरची झाडं हळू उचलून बादलीत मुळं झटकायची. बोटभर पंटियस, काचेसारखे आरपार दिसणारे चंदा, कोळंबी, चतुराची पिल्लं, मरळीची बारकी पोरं, असं काय काय पडतंय बघा. केंदाळानं तळं पूर्ण झाकलं की खाली प्रकाश आणि ऑक्सिजन दोन्ही कमी होतात हे खरंच आहे, पण त्याच्या कडा पिल्लांना लपायला कामी येतात हे पण खरं, आणि तुमच्या तळ्यात यातलं काय किती चाललंय हे मोजूनच कळणार.

आणि तेवढीच मेहनत दरवेळी. फेकजाळ्याचे दहा फेके ठरवले तर दहाच, पहिल्या पाचात भरपूर मिळाले म्हणून थांबायचं नाही आणि दहात काहीच नाही मिळालं म्हणून अकरावा टाकायचा नाही. शून्य आलं तर शून्य लिहा. ते शून्य लिहायला जीवावर येतंय, पण पाच वर्षांनी कुणी तुमची वही उघडली तर त्याला सगळ्यात जास्त उपयोग त्याच शून्याचा होणार आहे.

मासा ओळखायचा कसा

मासा हातात धरून फोटो काढू नका. बादलीत पाणी, त्यात बॅटरीवरचा छोटा एअरपंप, आणि एक चिंचोळी काचेची पेटी करून घ्या, काचवाल्याकडं कमी पैशात होते. मासा पेटीत, मागं पांढरा किंवा निळा कागद, बाजूला पट्टी, माशाचं तोंड डावीकडं, पर पसरलेले असताना फोटो. हात ओले करूनच धरायचं, कोरड्या हातानं अंगावरचा बुळबुळीत थर जातोय आणि सोडल्यावर मासा बुरशी लागून मरतोय.

मग बघायचं काय? मिशा आहेत का, किती. पाठीवर पर किती, शेवटी मांसल बारका पर आहे का (शिंगटीला असतोय, मांगूरला नसतोय). तोंड वर वळलंय, समोर आहे का खाली. खवले आहेत का, असतील तर कडेच्या रेषेवर किती. आणि ठिपके कुठं आहेत. एक उदाहरण जवळून बघू. तुमच्या हातजाळीत दोन बारके चंदेरी मासे आलेत, दोघांना दोन-दोन काळे ठिपके आहेत, लोक दोघांनाही एकच नाव देतात. एकाचा पुढचा ठिपका कल्ल्यामागं खांद्याजवळ आणि दुसरा शेपटीच्या अलीकडं, तो पेथिया टिक्टो. दुसऱ्याचा एक ठिपका पाठीवरच्या पराच्या बुडाशी आणि एक शेपटीच्या बुडाशी, तो पंटियस सोफोर. एकदा बघितलं की आयुष्यात विसरत नाही.

मोठ्यांमध्ये कटल्याचं डोकं अवाढव्य आणि तोंड वर, रोहूच्या खालच्या ओठाला झालर, मृगळाचं तोंड बारीक आणि खाली. हे तिन्ही मुळात गंगेकडचे, आपल्याकडं बीज सोडून आलेले, तेव्हा ते सापडले म्हणजे तळं निरोगी असा अर्थ काढू नका, कुणीतरी सोडलेत एवढाच अर्थ. चिलापी १९५२ साली भारतात आणली, तिची आई अंडी तोंडात सांभाळते म्हणून पिल्लं फारशी मरत नाहीत आणि वर्षातून अनेकदा वीण होते. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की काठाच्या चिखलात ताटाएवढे गोल खळगे एकाशेजारी एक दिसतात ना, ती नर चिलापीनं केलेली घरटी. जाळं न टाकता नुसते खळगे मोजले तरी तिच्या विणीचा अंदाज येतोय. गटारात डास खायला सोडलेले गप्पी पण बाहेरचेच, आणि घरातल्या टँकमधला सकर मासा महाराष्ट्रात बऱ्याच पाण्यांत पोचलाय. टँकमधला कुठलाही मासा तळ्यात सोडायचा नाही, दया म्हणून पण नाही. एका तळ्यातलं ओलं जाळं दुसऱ्या तळ्यात पण नको, उन्हात कडक वाळवा मग न्या.

आपले खरे जपण्यासारखे मासे म्हणजे कृष्णेच्या खोऱ्यातले. नुक्ता घ्या, नाकाडावर शिंगासारखा उंचवटा असलेला, आज जागतिक यादीत तो धोक्यात आलेला म्हणून नोंदवलाय. कोलसची पण गत चांगली नाही. यातलं काही सापडलं तर फोटो, जागा, माप, आणि लगेच पाण्यात. जागेचा नेमका पत्ता सोशल मीडियावर टाकू नका, विद्यापीठातल्या झूऑलॉजीच्या लोकांना दाखवा.

ओळख पटतच नसेल तर एखादाच नमुना ठेवायचा. लवंगाचं तेल थोड्या अल्कोहोलमध्ये घोळवून पाण्यात टाकलं की मासा गुंगतोय, भरपूर टाकून त्याला शांतपणे जाऊ द्यायचं, जिवंत मासा फॉर्मेलिनमध्ये टाकणं हा क्रूरपणा आहे. मग शेपटीच्या पराचा तुकडा ९५ टक्के अल्कोहोलमध्ये डीएनएसाठी, आणि बाकी मासा १० टक्के फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे बाटलीतलं फॉर्मेलिन एक भाग आणि पाणी नऊ भाग. क्रम उलटा करू नका, फॉर्मेलिननं डीएनए खराब होतोय. हातमोजे, उघडी हवा, आणि ही बाटली घरी आणायची नाही.

पाण्याची तपासणी

तापमान, पीएच, गढूळपणा आणि ऑक्सिजन, एवढं पुरे सुरुवातीला. गढूळपणासाठी २० सेंटिमीटरची पत्र्याची चकती, चार भाग करून काळा-पांढरा ऑइलपेंट, मधोमध दोरी आणि दोरीला दर दहा सेंटिमीटरला गाठ. सावलीच्या बाजूनं सोडायची, दिसेनाशी झाली की खोली लिहायची, वर ओढताना परत दिसली की ती पण लिहायची, दोन्हीची सरासरी.

ऑक्सिजनवर मात्र जरा वेळ देऊ, कारण निम्म्या चुका इथं होतात. ३०० मिलिची बाटली पाण्याखालीच भरायची, आत बुडबुडा राहिला तर ओतून परत. त्यात एक मिलि मँगनीज सल्फेट, एक मिलि अल्कली आयोडाईड अझाईड, पिपेटचं टोक पाण्याच्या पातळीखाली ठेवून. बूच लावून उलटसुलट करा आणि बघत राहा. तांबूस तपकिरी साका खाली बसला तर ऑक्सिजन आहे. पांढराच साका आला तर त्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास नाहीच. हे काठावर उभं राहून डोळ्यांनी दिसतंय, लॅबमध्ये जायच्या आधी. मग ॲसिड घालून साका विरघळवायचा आणि लॅबमध्ये २०० मिलि घेऊन थायोसल्फेटनं टायट्रेट करायचं (रंग जाईपर्यंत थेंबथेंब घालून किती लागलं ते मोजायचं), ०.०२५ नॉर्मल द्रावण असेल तर जेवढे मिलि लागले तेवढेच मिलिग्रॅम प्रति लिटर. ॲसिड आणि अझाईड दोन्ही घातक, मास्तर किंवा मॅडम बरोबर असल्याशिवाय पहिल्यांदा करू नका.

आणि वेळ! हिरवंगार तळं दुपारी तीनला तपासलं तर ऑक्सिजन भरपूर दिसणार कारण शेवाळ उन्हात ऑक्सिजन सोडतंय. रात्रभर तेच शेवाळ आणि तळातला सगळा कुजका माल ऑक्सिजन खातोय, आणि सगळ्यात वाईट वेळ उजाडायच्या जरा आधीची. दुपारचा आकडा घेऊन तळं छान आहे असं लिहिलेले रिपोर्ट मी बघितलेत आणि त्याच तळ्यात सकाळी मासे तोंड वर करून हवा गिळताना पण बघितलेत. एक फेरी पहाटेची, एक दुपारची, महिन्यातून एकदा तरी दोन्ही कराच. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत मत्स्यपालनासाठीच्या पाण्यात किमान ४ मिलिग्रॅम प्रति लिटर ऑक्सिजन आणि पीएच ६.५ ते ८.५ पाहिजे असं धरलंय, तुमचा पहाटेचा आकडा त्याच्याशी लावून बघा.

इथंच एक गोष्ट लक्षात घ्या की मासे आहेत म्हणजे पाणी चांगलं, असं नसतंय. मरळ आणि मांगूर हवेतून श्वास घेतात, गप्पी पाण्याच्या वरच्या पापुद्र्यातून भागवतात, चिलापी बरंच सोसते. तळ्यात हे चौघेच उरले असतील तर मासे कितीही किलो निघू देत, पाणी आजारी आहे. म्हणून एकूण संख्येपेक्षा कुठले आहेत आणि कुठले नाहीत हे बघायचं.

वही आणि हिशोब

पेन्सिलनं लिहा, पेन पाण्यात पसरतंय. तारीख, वेळ, जीपीएस, हवा कशी, आदल्या दोन दिवसांत पाऊस झाला का, पाण्याची पातळी, जाळं कुठलं, फेके किती, कुणी टाकले. मग प्रत्येक माशाची जात, लांबी, वजन. लांबी दोन प्रकारची असते, शेपटीच्या टोकापर्यंत आणि शेपटी सुरू होते तिथपर्यंत, कुठली घेतली ते लिहिलं नाही तर आकडा वाया. घरी आलात की त्याच रात्री गूगल शीटमध्ये भरा, एक मासा म्हणजे एक ओळ.

हिशोबात पहिल्या वर्षी दोनच गोष्टी करा. एक, प्रति फेका किती मासे, जातवार. समजा दहा फेक्यांत २३ पंटियस तर २.३ प्रति फेका, पुढच्या महिन्यात १.१ आला तर तुलना होते. दुसरं, लांबी-वजनाचा ताळमेळ, वजन ग्रॅममध्ये भागिले लांबी सेंटिमीटरमध्ये घन, गुणिले शंभर. एकाच जातीत हा आकडा महिन्यागणिक बघा, विणीच्या आधी वाढतोय, नंतर पडतोय, उपासमार असेल तर पडलेलाच राहतोय. शॅनन इंडेक्स (जातींची विविधता दाखवणारा आकडा) वगैरे काढायचा मोह सगळ्यांना होतोय, काढा, पण त्याच्या शेजारी जातींची यादी छापल्याशिवाय देऊ नका, कारण बाहेरच्या दोन जाती नव्यानं आल्या की तो आकडा सुधारल्यासारखा दिसू शकतोय.

जीव सांभाळून

एकटं जायचं नाही. बंधाऱ्याच्या खालच्या डोहात पोहता येणारा पण अडकतोय. शिरोळकडं कृष्णेच्या पट्ट्यात मगरी आहेत, तिथं पहाटे पाण्यात उतरून सँपल घेणं बंद, काठावरून किंवा होडीतून. पुराच्या पाण्यात पायाला जखम असेल तर उतरू नका, लेप्टोचा (उंदरांच्या मुतातून पसरणाऱ्या तापाचा) धोका असतोय, आणि पुढच्या दोन-चार आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरना पाण्यात गेलो होतो हे स्वतःहून सांगा. शिंगटी-मांगूरचा काटा घुसला तर भाजणार नाही एवढ्या गरम पाण्यात हात अर्धा तास धरा, कळ कमी येते, काटा आत तुटला असेल तर दवाखाना.

मासे मेल्याचा फोन आला तर

पंचगंगेवर किंवा शहरातल्या तळ्यावर माशांचा खच पडलाय असा मेसेज वर्षातून कधी ना कधी येतोच, आणि तोवर तुम्ही त्या पाण्यावर नियमित जात असाल तर तुमच्याइतका उपयोगी माणूस त्या दिवशी दुसरा कुणी नसतोय. लगेच निघा, कारण काही तासांत पाणी पुढं जातंय आणि मेलेले मासे उचलले जातात.

पोचल्यावर पहिल्यांदा ऑक्सिजनची बाटली भरून जागेवर फिक्स करा (म्हणजे वर सांगितलेली दोन द्रावणं तिथंच घाला), फोटो नंतर. एक बाटली मासे मेलेल्या जागेची, एक तिथून वरच्या बाजूची, एक खालची, नाला मिळत असेल तर नाल्याच्या तोंडाची. मग मेलेले बघा. मोठे मासे मेलेत आणि बारके वर येऊन हवा गिळतायत, मरळ-मांगूर ठणठणीत आहेत, घटना पहाटेची आहे, तर ऑक्सिजन संपल्याची शक्यता जास्त. लहान-मोठे, हवा घेणारे-न घेणारे सगळेच एकदम गेलेत, बेडूक-खेकडे पण मेलेत, आणि वेळ भरदुपारची, तर पाण्यात काहीतरी विषारी आल्याचा संशय धरायचा. संशयच, निकाल नाही, निकाल लॅबच्या तपासणीतून येतोय. कल्ल्यांचा रंग, ते चिकट झालेत का, जात, लांबी हे नोंदवा, दहा-दहा पावलांच्या पट्ट्यात मोजा म्हणजे हजारो मेले अशा अंदाजाऐवजी खरा आकडा देता येईल. नुकताच मेलेला एखादा मासा प्लास्टिकच्या पिशवीत बर्फावर ठेवा. मग प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या आणि मत्स्यव्यवसायच्या ऑफिसला फोन, आणि फोननंतर लेखी पण द्या, पोच घ्या.

कुणाचं नाव घेऊन आरोप तुम्ही करू नका, ते तुमचं काम नाही. गेल्या महिन्यात याच जागी पहाटे ऑक्सिजन किती होता, कुठल्या जाती होत्या आणि आज किती आहे, हा कागद पुढं ठेवा. त्याची एक प्रत मच्छीमार सोसायटीला मराठीत लिहून द्या, नुकसानभरपाई मागायची वेळ आली तर त्यांना लागते.